न्यू हॅम्पशायरची प्रायमरी: मतं किती पडली, हवा कुणाची झाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची लढत दर चार वर्षांनी ऐन थंडीत आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन लहान राज्यांपासून सुरू होत आली आहे. निकालाच्या रात्री दोन आकडे सगळीकडे फिरतात: एकूण किती मतदान झालं आणि पहिल्या तिघांना किती टक्के मिळाले. या दोन आकड्यांवरून घाईने काढलेले निष्कर्ष अनेकदा फसले आहेत. ते कसे फसतात आणि आकडे नीट कसे वाचायचे, हे इथे मुख्यतः न्यू हॅम्पशायरच्या उदाहरणांवरून मांडलं आहे.

प्रायमरी म्हणजे आपल्याकडचं तिकीटवाटप का?

काम तेच, करणारे वेगळे. महाराष्ट्रात पक्षाचा एबी फॉर्म ज्याच्या हाती पडेल तो उमेदवार, आणि तो फॉर्म कुणाला द्यायचा हे ठरवणारे मोजके लोक बंद खोलीत बसलेले असतात. अमेरिकेत हे काम मतदार करतात. राज्याराज्यांत मतदान होतं, मतांवरून पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी ठरतात आणि निम्म्याहून जास्त प्रतिनिधी मिळवणारा उमेदवार होतो.

न्यू हॅम्पशायरचा या हिशेबातला वाटा अगदी किरकोळ आहे. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण प्रतिनिधी २,४२९ होते, बहुमताला १,२१५ लागत होते, आणि या राज्याकडे होते फक्त २२. तरीही उमेदवार तिथे महिनोनमहिने मुक्काम ठोकतात, ते या २२ जणांसाठी नव्हे.

प्रायमरी फक्त अध्यक्षपदासाठी नसते, हेही लक्षात असू द्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या जागेसाठी नऊ जणांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मतांवर त्यांनी प्रायमरी जिंकली. गर्दी असली की थोडक्या मतांवरही बाजी मारता येते. हे सूत्र पुढे पुन्हा येईल.

मतदान प्रत्यक्षात कसं होतं? कुठल्या पक्षाची मतपत्रिका मिळते?

दोन्ही पक्षांची प्रायमरी एकाच दिवशी, एकाच केंद्रावर होते. टेबलामागचे कर्मचारी तुमचं नाव यादीत शोधतात, फोटो असलेलं ओळखपत्र बघतात. तुमच्या नावापुढे रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट अशी नोंद असेल तर त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. नोंद ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे कुठल्याच पक्षाची नसेल, तर कुठली मतपत्रिका हवी ते तुम्हीच सांगायचं. ती घेतल्याक्षणी तुमची त्या पक्षाची नोंद होते. मत देऊन झाल्यावर बाहेर पडण्याआधी मतदारयादी सांभाळणाऱ्यांच्या टेबलावर एक अर्ज भरला की पुन्हा अनडिक्लेअर्ड होता येतं. हा अर्ज भरायचा राहून गेला तर पुढच्या प्रायमरीत तुमच्या नावावर जुन्याच पक्षाचा शिक्का असतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. नोंदणीकृत डेमोक्रॅटला ऐनवेळी रिपब्लिकन मतपत्रिका मागता येत नाही. पक्ष बदलायची मुदत उमेदवारी अर्जांचा काळ सुरू होण्याआधीच संपते. २०२४ च्या जानेवारीतल्या प्रायमरीसाठी ती ६ ऑक्टोबर २०२३ ला संपली होती. ‘डेमोक्रॅटांनी घुसून निकाल फिरवला’ असं कुणी म्हटलं, तर बहुतेक वेळा ते अनडिक्लेअर्ड मतदारांबद्दल बोलत असतात. राज्यातल्या नोंदणीकृत मतदारांत त्यांचा हिस्सा साधारण ४० टक्के, म्हणजे दोन्ही पक्षांपेक्षा मोठा आहे.

तिथे राहणाऱ्या भारतीयांना मत देता येतं का?

अमेरिकेचं नागरिकत्व असेल तरच. ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, आणि चुकून नोंदणी केली तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते अंगाशी येऊ शकतं. नोंदणी मतदानाच्या दिवशी केंद्रावरही होते. मात्र २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या निवडणुकीनंतर लागू झालेल्या कायद्यानुसार नव्याने नोंदणी करताना नागरिकत्वाचा कागद दाखवावा लागतो. नंतर नागरिक झालेल्यांनी अमेरिकी पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटोचं ओळखपत्र, असं सगळं बरोबर ठेवावं. पासपोर्टवर आणि इतर कागदांवर नाव वेगळं असेल (लग्नानंतर बदललेलं आडनाव, मधलं नाव गाळलेलं), तर नावबदलाचा कागदही घ्यावा. नियम बदलत असतात, म्हणून आधी आपल्या टाऊन क्लार्ककडे, म्हणजे गावाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे चौकशी करणं बरं.

मतदानाची टक्केवारी कशी काढतात? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

भागाकार साधा आहे, भांडण छेदावरून होतं. अंशस्थानी पडलेल्या मतपत्रिका. छेदस्थानी काय घ्यायचं, याचे तीन प्रकार दिसतात:

एक, नोंदणीकृत मतदार. मतदानाच्या दिवशीच नोंदणी होत असल्यामुळे इथे हा छेद संध्याकाळपर्यंत वाढत राहतो. सकाळची यादी धरली तर टक्केवारी फुगते.

दोन, १८ वर्षांवरची सगळी लोकसंख्या. यात नागरिक नसलेलेही येतात, त्यामुळे टक्केवारी कमी दिसते.

तीन, पात्र मतदार, म्हणजे नागरिक नसलेले आणि कायद्याने अपात्र असलेले वगळून उरलेले प्रौढ. वर्षावर्षांची आणि राज्याराज्यांची तुलना करायची तर हाच छेद घ्यावा.

नुसत्या संख्येने कशी फसगत होते ते २०२० मध्ये दिसलं. डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे ३ लाख मतं पडली. २००८ चा उच्चांक सुमारे २ लाख ८८ हजारांचा होता, त्यामुळे ‘विक्रम’ म्हणून बातम्या झाल्या. संख्येचा विक्रम खराच होता. पण बारा वर्षांत पात्र मतदारही वाढले होते आणि त्यांच्या प्रमाणात पाहिलं तर २००८ चं मतदान थोडं सरसच होतं. शिवाय २००८ मध्ये दोन्ही पक्षांत चुरस होती, अनडिक्लेअर्ड मतदार दोन्हीकडे वाटले गेले आणि रिपब्लिकन बाजूलाही सुमारे २ लाख ४० हजार मतं पडली. २०२० मध्ये ट्रम्प यांना पक्षात मोठं आव्हान नव्हतं, तिथे दीड लाखाच्या आसपास मतं पडली. काठावरच्या मतदाराला डेमोक्रॅटांकडे जाण्यावाचून दुसरी चुरशीची लढतच नव्हती.

म्हणून एका पक्षाचा आकडा कधीही एकटा वाचू नये. शेजारच्या मांडवात काय चाललं होतं ते आधी बघावं.

जास्त मतदान झालं म्हणजे जिंकणाऱ्याला जोरदार पाठिंबा, असं समजायचं का?

नाही. बर्नी सँडर्स यांनी न्यू हॅम्पशायर दोनदा जिंकलं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध सरळ लढतीत त्यांना १ लाख ५२ हजार मतं, म्हणजे ६० टक्के मिळाले. २०२० मध्ये एकूण मतदान वाढलं, पण सँडर्स यांची मतं ७६ हजारांवर आली, टक्केवारी २५ च्या थोडी वर. पीट बुटिजेज यांच्यापेक्षा ते जेमतेम चार हजारांनी पुढे होते. तोच उमेदवार, तेच राज्य, दोन्ही वेळा पहिला नंबर, आणि मतं निम्मी.

मतदान वाढतं तेव्हा विचारायचा प्रश्न असा: वाढीव मतदार कोण? पहिल्यांदा आलेले तरुण, उपनगरातले ज्येष्ठ, की दुसऱ्या पक्षाकडून सरकलेले अनडिक्लेअर्ड? एक्झिट पोलमध्ये याचं उत्तर ढोबळ मिळतं. गावनिहाय आकड्यांतही बरंच दिसतं, कारण डर्हम आणि हॅनोव्हर ही विद्यापीठांची गावं वेगळी वागतात आणि मॅसॅच्युसेट्सच्या सीमेलगतची उपनगरं वेगळी.

‘मोमेंटम’ म्हणतात ती हवा मोजायची कशी?

मराठीत ‘त्याची हवा आहे’ म्हणतो, तेच. मोजायचं सूत्र असं: मिळालेली मतं वजा अपेक्षित मतं. पहिला नंबर आला की नाही याला या हिशेबात फारसं मोल नाही.

१९६८ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन न्यू हॅम्पशायरमध्ये जिंकले. मतपत्रिकेवर त्यांचं नावही नव्हतं. मतदारांनी हाताने लिहून ४९ टक्के दिले. पण व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या युजीन मॅकार्थींना ४२ टक्के मिळाले आणि पदावरच्या अध्यक्षाविरुद्ध एवढी मजल कुणी अपेक्षिली नव्हती. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं.

१९७२ मध्ये शेजारच्या मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की ४६ टक्के घेऊन पहिले आले. जॉर्ज मॅक्गव्हर्न ३७ टक्के घेऊन दुसरे. घरच्याच अंगणात मस्कींना निम्मी मतंही मिळाली नाहीत, अशी बातमी झाली, आणि उमेदवारी मॅक्गव्हर्नना मिळाली.

१९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे पॉल त्साँगस ३३ टक्क्यांनी जिंकले. बिल क्लिंटन २५ टक्के घेऊन दुसरे. आरोपांच्या फेऱ्यात सापडलेला हा माणूस संपला, असं आदले काही आठवडे बोललं जात होतं, म्हणून दुसरा नंबरही पुनरागमन ठरला. क्लिंटन यांनी त्याच रात्री, सगळी मोजणी व्हायच्या आत, स्वतःच तसं सांगून टाकलं. बातमीला मथळा आयता मिळाला.

अपेक्षा कोण ठरवतं? आधीच्या जनमत चाचण्या, आयोवाचा निकाल, उमेदवाराचं घर किती जवळ आहे, आणि प्रचारयंत्रणा पत्रकारांच्या कानात काय सांगते. म्हणूनच मतदानाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक उमेदवाराची माणसं आपलीच ताकद कमी करून सांगत असतात. ऐकताना थोडं मीठ-मिरची बाजूला काढून ऐकावं.

हवेचं पुढच्या राज्यांत मतांत रूपांतर कसं होतं?

मुख्यतः तीन वाटांनी. पहिली, पैसा: चांगल्या निकालानंतर लहान देणग्यांचा ओघ वाढतो, आणि पुढच्या मोठ्या राज्यांत जाहिराती त्यातूनच जातात. बराक ओबामांनी आयोवा जिंकलेल्या जानेवारी २००८ या एका महिन्यात ३ कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला. दुसरी वाट, मैदान रिकामं होणं. मागे पडलेले माघार घेतात आणि त्यांची मतं मोकळी होतात. २०२४ च्या रिपब्लिकन लढतीत आयोवाच्या रात्रीच विवेक रामस्वामी बाहेर पडले आणि न्यू हॅम्पशायरच्या दोन दिवस आधी रॉन डीसँटिस.

तिसरी वाट कमी बोलली जाते, ती म्हणजे प्रतिनिधींचा उंबरठा. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या खाली गेलात तर हाती भोपळा. २०२० च्या न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स आणि बुटिजेज यांना प्रत्येकी ९, एमी क्लोबुशार यांना ६ प्रतिनिधी मिळाले. ९ टक्क्यांच्या एलिझाबेथ वॉरन आणि ८ टक्क्यांचे जो बायडन यांना शून्य. आपलं मत वाया जातंय असं वाटलं की मतदार वरच्या दोघा-तिघांकडे सरकतो, आणि वरचा आणखी वर जातो.

मग २०२० मध्ये इथे पाचवे आलेले बायडन अध्यक्ष कसे झाले?

कारण आयोवा आणि न्यू हॅम्पशायरचे मतदार बहुसंख्य गोरे आहेत आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा देशभरातला मतदार तसा नाही. २९ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलिनात, जिथे डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीय मतदार निर्णायक आहेत, बायडन यांना ४८ टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार दोघांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. तिसऱ्या दिवशी, ३ मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होतं त्या मंगळवारी, १४ पैकी १० राज्यं बायडन यांनी घेतली. त्यांत मिनेसोटासारखं राज्यही होतं, जिथे त्यांनी प्रचार जवळपास केलाच नव्हता. हवा चार दिवसांत कशी फिरते याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

१९५२ ते १९८८ या काळात अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या प्रत्येकाने आपल्या पक्षाची न्यू हॅम्पशायर प्रायमरी जिंकलेली होती. १९९२ नंतर तो नियम राहिला नाही: बिल क्लिंटन, २००० मध्ये जॉर्ज बुश, ओबामा आणि बायडन, चौघेही इथे हरूनच पुढे गेले.

आयोवातली कॉकस आणि प्रायमरी यांच्या मतदानाची तुलना करता येईल का?

करू नये. कॉकस म्हणजे पक्षाची सभा. तिला ठरलेल्या वेळी, सहसा संध्याकाळी सातला, शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात स्वतः हजर राहावं लागतं. डेमोक्रॅटांच्या जुन्या पद्धतीत तर आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहून डोकी मोजून घ्यावी लागत. रात्रपाळीवाले, तान्ही मुलं असलेले, वयस्कर असे बरेच जण आपोआप गळतात. २००८ मध्ये आयोवात डेमोक्रॅटांची हजेरी २००४ च्या सव्वा लाखावरून जवळपास दुप्पट, म्हणजे २ लाख ४० हजारांच्या आसपास गेली, आणि ती अफाट मानली गेली. लोकसंख्येने आयोवाच्या निम्म्याहून लहान असलेल्या न्यू हॅम्पशायरमध्ये पाच दिवसांनी त्याहून जास्त डेमोक्रॅटिक मतं पडली.

थंडी-बर्फामुळे मतदान घटतं का?

आयोवाच्या कॉकसवर परिणाम होतो. १५ जानेवारी २०२४ ला कडाक्याच्या थंडीत रिपब्लिकन हजेरी सुमारे १ लाख १० हजार होती, २०१६ मध्ये ती १ लाख ८६ हजारांच्या वर होती. पण सगळा दोष पाऱ्यावर टाकू नका, ट्रम्प जिंकणार हे आधीच सर्वांना ठाऊक होतं. न्यू हॅम्पशायरमध्ये सरसकट आगाऊ मतदानाची सोय नाही आणि टपाली मतपत्रिकेला कारण द्यावं लागतं, तरी दिवसभर केंद्रं उघडी असल्याने लोक सवड काढून जातात.

जनमत चाचण्या इथे इतक्या का चुकतात?

मतदार शेवटच्या दोन दिवसांत ठरवतो आणि बरेच जण कुठल्या प्रायमरीत जायचं हेच आधी ठरवत नाहीत. २००८ मध्ये आयोवा ३ जानेवारीला, न्यू हॅम्पशायर ८ जानेवारीला. मधल्या चाचण्यांत ओबामा सरासरी आठेक टक्क्यांनी पुढे होते. निकालात हिलरी क्लिंटन ३९ विरुद्ध साडेछत्तीस टक्क्यांनी, सुमारे साडेसात हजार मतांनी जिंकल्या. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने यावर समिती नेमली. एकच एक गुन्हेगार सापडला नाही. चाचण्या मतदानाच्या आधी लवकर थांबवल्या गेल्या, फोनवर सहज न सापडणारे मतदार सुटले, अशी कारणं निघाली. मतपत्रिकेवर क्लिंटन यांचं नाव वर आणि ओबामांचं बरंच खाली होतं, त्याचाही थोडा हात असावा असं काही अभ्यासकांचं मत आहे. प्रतिनिधी मात्र दोघांना सारखेच, नऊ-नऊ मिळाले. बातमी अर्थातच क्लिंटन यांची झाली.

निकालाच्या रात्री आकडे कसे वाचावेत?

डिक्सव्हिल नॉच या मूठभर मतदारांच्या वस्तीत मध्यरात्रीच मतदान उरकतं, त्या निकालाकडे गंमत म्हणून बघा. २०२४ मध्ये तिथल्या सहाच्या सहा मतदारांनी ट्रम्प यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्धी निकी हेली यांना मत दिलं. राज्याचा निकाल ट्रम्प ५४, हेली ४३ असा लागला.

बहुतेक केंद्रं संध्याकाळी सातला बंद होतात, काही आठला. निकाल गावागणिक येतो, शहरांत वॉर्डागणिक. ‘३० टक्के मोजणी पूर्ण’ याचा अर्थ ३० टक्के मतं असा नेहमी नसतो, कधी तो ३० टक्के केंद्रं असाही असतो, आणि दीडशे मतांचं खेडं व मँचेस्टरचा वॉर्ड दोन्ही ‘एक केंद्र’च. त्यामुळे टक्केवारी बघण्यापेक्षा मँचेस्टर, नॅशुआ, काँकर्ड इथले किती वॉर्ड बाकी आहेत ते बघा. मागच्या वेळचा त्याच गावाचा आकडा शेजारी ठेवला तर दहा-बारा गावांतच कल कळतो.

२०२४ च्या डेमोक्रॅटिक निकालात ‘न वाचलेली राइट-इन मतं’ असं काय दिसत होतं?

राष्ट्रीय पक्षाने त्या वर्षी साउथ कॅरोलिनाला पहिलं स्थान दिलं. न्यू हॅम्पशायरने आपल्या कायद्यावर बोट ठेवून आधीच मतदान घेतलं, आणि बायडन यांनी तिथे अर्जच भरला नाही. समर्थकांनी नाव हाताने लिहायची मोहीम चालवली. यात मतपत्रिकेच्या तळाशी रिकाम्या ओळीवर नाव लिहून शेजारचा लंबगोल काळा करायचा असतो. असा लंबगोल दिसला की जुनं मोजणी यंत्र ती मतपत्रिका पेटीतल्या वेगळ्या कप्प्यात टाकतं. केंद्र बंद झाल्यावर माणसं बसून एकेक नाव वाचतात. स्पेलिंग चुकलं तरी मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरलं जातं. हे होईपर्यंत पडद्यावर राइट-इनचा मोठा गठ्ठा दिसतो, पण नावं दिसत नाहीत. बायडन यांना शेवटी ६४ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली.

राज्याच्या निवडणूक प्रमुखांनी आधी ३,२२,००० रिपब्लिकन आणि ८८,००० डेमोक्रॅटिक मतांचा अंदाज दिला होता. रिपब्लिकन आकडा जवळपास तंतोतंत निघाला. डेमोक्रॅटिक मतं मात्र १ लाख २० हजारांच्या पुढे गेली.

मोजणी चुकली तर हवेचं काय होतं?

हवा परत घेता येत नाही. ३ जानेवारी २०१२ च्या रात्री आयोवात मिट रॉम्नी ८ मतांनी विजयी घोषित झाले. दोन आठवड्यांहून जास्त काळानंतर तपासलेल्या आकड्यांत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि आठ केंद्रांचे आकडे तर कधीच सापडले नाहीत. तोवर रॉम्नी न्यू हॅम्पशायरही जिंकून मोकळे झाले होते. २०२० मध्ये आयोवाच्या डेमोक्रॅटांचं निकाल कळवायचं अ‍ॅप बिघडलं, पर्यायी फोन लाइनी तुंबल्या आणि त्या रात्री विजेताच नव्हता.

प्रायमरीतल्या मतदानावरून नोव्हेंबरचा अंदाज बांधता येतो का?

२०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरला रिपब्लिकन प्रायमरीत डेमोक्रॅटांच्या अडीचपटीहून जास्त मतं पडली. नोव्हेंबरमध्ये राज्य कमला हॅरिस यांनी जिंकलं. २०१६ मध्येही रिपब्लिकन मतं जास्त होती, सुमारे २ लाख ८६ हजार विरुद्ध २ लाख ५४ हजार, आणि नोव्हेंबरमध्ये हिलरी क्लिंटन २,७३६ मतांनी पुढे राहिल्या. २०२४ च्या जानेवारीत हेली यांना मत द्यायला रिपब्लिकन मतपत्रिका घेतलेले बरेच अनडिक्लेअर्ड मतदार नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांच्याकडे जाणार नव्हते. एक्झिट पोलनुसार नोंदणीकृत रिपब्लिकनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ट्रम्प यांच्याबरोबर होते, हेलींची मतं मुख्यतः उरलेल्यांकडून आली.

हे राज्य पहिलं का?

१९२० पासून पहिलं आहे म्हणून. मार्चमध्ये गावसभेसाठी सभागृह तापवायचंच असतं, मग त्याच दिवशी प्रायमरी उरकली की सरपण वाचेल, असा काटकसरी विचार तारीख ठरवण्यामागे होता असं सांगतात. उमेदवारांची नावं थेट मतपत्रिकेवर १९५२ पासून आली. १९७० च्या दशकात राज्याने कायदाच केला. अशा प्रकारची दुसरी कुठलीही निवडणूक असेल तिच्या किमान सात दिवस आधी आमची प्रायमरी होईल, आणि तारीख राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणूक प्रमुख, ठरवेल. उमेदवारी अर्जाची फी १,००० डॉलर आहे, म्हणून मतपत्रिकेवर कधी न ऐकलेली दोन डझन नावं दिसली तर दचकू नका.